चौधरी मॅडम आणि नदीतलं कथील

कुठल्याही नदीवर गेल्या की चौधरी मॅडम आधी चपला काढायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि काठावर उकिडव्या बसून मूठभर रेती धुवायला घ्यायच्या. त्यांच्या पिशवीत एक लाकडी तबक कायम असायचं. उथळ, मध्ये किंचित खोलगट, वापरून वापरून काळं पडलेलं. तबकात रेती घ्यायची, ते पाण्याला टेकवायचं आणि गोल गोल हलवत राहायचं. हलकी रेती काठावरून पाण्याबरोबर निघून जायची. शेवटी तळाला काळ्या कणांची एक बारीक रेघ उरायची. मग कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक त्या रेघेवरून फिरवायचं. काळे कण उड्या मारून कागदाला चिकटायचे आणि तबक रिकामं व्हायचं.

"नाही," मॅडम म्हणायच्या आणि उठायच्या.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते गिरणेच्या पात्रात. जळगावच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवायला लागून मला महिनासुद्धा झाला नव्हता. मी मूळची धुळ्याची, या गावात कुणाला ओळखत नव्हते. चौधरी मॅडम विभागप्रमुख. मुलांची सहल घेऊन आम्ही गेलो होतो. मुलं वाळूत पळापळ करत होती आणि विभागप्रमुख बाई पाण्यात हात घालून बसल्या होत्या. मी विचारलं, "मॅडम, काय शोधताय?"

"कथील."

"कथील? इथं?"

"इथं नाहीच," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे सगळा बेसाल्ट. कथील येतं ग्रॅनाइटमधून. हे काळं दिसतंय ते नुसतं लोखंडाचं खनिज आहे, चुंबकाला चिकटतंय बघ. कथलाचं खनिज चिकटलं नसतं, खाली राहिलं असतं."

"मग धुताय कशाला?"

"हात विसरू नयेत म्हणून."

त्यांचे हात हे काम बस्तरमध्ये शिकले होते. मॅडम रावेरजवळच्या एका गावातल्या, केळीवाल्या घरातल्या. घरात त्यांच्याआधी कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं. शिक्षण संपल्यावर सरकारी सर्वेक्षणात नोकरी लागली आणि त्यांना बस्तरला पाठवलं. तिथल्या ओढ्यांच्या गाळात कथलाचं खनिज सापडतं. तिथल्या बायका लाकडी तबकात गाळ धुऊन ते वेगळं काढतात. मॅडम त्यांच्या शेजारी बसून शिकल्या. तबक त्यांच्यातल्याच एकीने दिलेलं. पुढे वडिलांना अर्धांगाचा झटका आला, धाकटा भाऊ मधुकर तेव्हा शाळेत होता, आणि मॅडम नोकरी सोडून परत आल्या. लग्न केलं नाही. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही.

वर्गात मात्र त्या भरपूर बोलायच्या. विभागात त्यांनी एक लांब पन्हळ करून घेतली होती. शनिपेठेतल्या एका कारागिराकडून साध्या पत्र्याची. पहिल्याच तासाला कुणीतरी म्हणायचंच, "मॅडम, ही टिनाची आहे ना?" मॅडम याच प्रश्नाची वाट पाहत असायच्या.

"पत्र्याला टिन म्हणता, डब्याला टिन म्हणता. या पत्र्यावर आहे ते जस्त. टिन म्हणजे कथील. आजीच्या पितळी पातेल्याला आतून कल्हई असते ना, पांढरी, ते कथील. आता ते डोंगरातून पातेल्यापर्यंत कसं आलं ते बघू."

मग पन्हळीत रेती आणि लोखंडाचा कीस एकत्र करून टाकायचा, मध्ये दोन-तीन दगड ठेवायचे आणि वरून नळ सोडायचा. मुलं भोवती गर्दी करायची. मॅडमचा आवाज नळाच्या वर चढायचा. "ग्रॅनाइट ऊन-पावसानं सडतो. त्यातलं बरंचसं चिखल होऊन जातं. कथलाचं खनिज सडत नाही, विरघळत नाही, सहजासहजी झिजत नाही. आणि जड आहे, पाण्याच्या सातपट. पाऊस ते ओढ्यात आणतो. ओढा वाळूला पुढे नेतो, पण याला फार लांब नेऊ शकत नाही. जिथं पाण्याचा जोर कमी होतो तिथं हे बसतं. दगडाच्या मागं. वळणाच्या आतल्या बाजूला. सगळ्यात खाली, गोट्यांच्या थरात. वर्षानुवर्षं असंच बसत गेलं की साठा होतो."

"आणि मॅडम, नदीच नाहीशी झाली तर?"

"होते की. नदी सरकते, आटते. वर आणखी गाळ येतो. गोटे एकमेकांना चिकटून त्यांचा खडक होतो. पण कथील त्या थरात तसंच असतं. खडक वाचता आला तर नदी कुठून कुठं वाहत होती ते सांगता येतं."

नळ बंद केला की दगडांच्या मागे कीस साचलेला दिसायचा. एखादा मुलगा त्याआधीच ठासून काही सांगायला लागला तर मॅडम त्याला तोडायच्या, "आधी धू, मग बोल." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. प्राचार्यांच्या मीटिंगमध्येही त्यांनी ते एकदा वापरलं होतं आणि प्राचार्यांना ते आपल्यालाच म्हटलंय हे कळायला थोडा वेळ लागला होता.

एकदा त्या माझ्याबरोबर धुळ्याला आल्या. आमचं घर पांझरेपासून जवळ. सकाळी चहा झाल्यावर मॅडम तबक घेऊन नदीवर गेल्या. माझी आई त्यांच्या मागोमाग गेली आणि बराच वेळ काठावर उभी राहून बघत होती. शेवटी मला म्हणाली, "तुनी मॅडम रेतीमा काय धुंडी राहिनी?"

"कथील," मी म्हणाले.

"कथील ते बाजारमा भेटस!"

मॅडमना अहिराणी कळायची. त्या इतक्या हसल्या की तबकातली रेती सांडली. त्यांना असं मोकळं हसताना पाहिल्याचे प्रसंग माझ्याकडे फार नाहीत, म्हणून हा सांगितला.

मधुकर, म्हणजे मधूभाऊ, महिन्या-दोन महिन्यांनी कॉलेजात यायचे. शेती तेच बघायचे. उंच, सावळे, बोलघेवडे. केळीचा घड खांद्यावर घेऊन सरळ विभागात. मॅडमनी त्यांना शिकवलं होतं, वाढवलं होतं, त्यांचं लग्न लावून दिलं होतं. "काय व अक्का, आज तरी सापडलं का तुझं कथील?" ते दारातूनच विचारायचे. मॅडम डोकं वर न करता म्हणायच्या, "तू तुझी केळी बघ." आणि मग दिवसभर त्यांच्या चेहऱ्यावर ते बोलणं राहायचं.

ऑगस्टमधली गोष्ट. दुपारी मॅडम दुसऱ्या वर्षाचा तास घेत होत्या. त्यांचा फोन विभागातल्या टेबलावर वाजत होता म्हणून मी उचलला. गावातून कुणी बोलत होतं. सातपुड्यात जोराचा पाऊस झाला होता. नदीला पाणी येतंय हे कळल्यावर मधूभाऊ डोहावर बसवलेली मोटर काढायला गेले होते. सगळेच शेतकरी जातात. मोटर त्यांनी वर ओढली, तिचा पाइप सोडवायला परत खाली उतरले आणि तेवढ्यात पाण्याचा लोंढा आला.

मी वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. हातातला खडू फळ्याखालच्या फळीवर ठेवला, हात झटकले आणि मुलांना म्हणाल्या, "उरलेलं उद्या."

कॉलेजातल्या एका सहकाऱ्याच्या गाडीतून आम्ही निघालो. भुसावळ, फैजपूर, सावदा. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. केळीच्या बागा जात होत्या. सावद्याच्या पुढे त्या एकच वाक्य बोलल्या, "पाणी उतरलं असेल आता." ते खरं निघालं. ही डोंगरातून येणारी नदी. जशी येते तशी जाते. आम्ही पोचलो तेव्हा पात्रात गुडघाभर गढूळ पाणी होतं आणि सगळीकडे गाळ, फांद्या, मोडलेली केळीची खोडं. मोटर काठावर होती. तिच्यावर कुणीतरी गोणपाट टाकलं होतं.

घरात मधूभाऊंची बायको, सिंधूवहिनी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. बायांचा गराडा होता. त्या रडत नव्हत्या. मॅडम आत आल्या तसं त्या एवढंच म्हणाल्या, "अक्का, त्यायले आना."

मॅडम नदीवर गेल्या. गावातले पुरुष जमले होते. त्यांच्यातले एक आबा पुढे आले. "अक्का, तुमी नदीचंच शिकल्या ना? सांगा, कुठी पाहाचं? आमी खनतो."

सगळे त्यांच्याकडे बघत होते. मॅडमनी पात्र वरपासून खालपर्यंत पाहिलं. आम्ही सहलीला गेल्यावर त्या पाहायच्या, तसंच. मग हात करून दाखवलं. त्या वळणाच्या आतल्या बाजूचा गोट्यांचा पट्टा. जुन्या बंधाऱ्याच्या फुटलेल्या भिंतीमागची जागा. तिसरी, डोहाच्या खालचे मोठे दगड. माणसं फावडी, टिकाव घेऊन तिकडे गेली. दुसऱ्या दिवशी डोहासाठी तालुक्याहून होडी आली, पोहणारे आले. त्यांनाही गावकऱ्यांनी सांगितलं, अक्का सांगतील तिथं उतरा. अक्कांनी सांगितलं, ते उतरले.

मॅडम काठावर उभ्या राहून आवाज देत होत्या. "आणखी खाली जा. गोटे लागेपर्यंत जा. तिथं नसेल तर डावीकडे सरका." आवाज नेहमीचाच होता, वर्गातला. कुणी चहा दिला तर त्या प्यायच्या. कुणी भाकरी दिली तर खायच्या. मी त्यांच्या मागे उभी होते. मला काहीच होत नव्हतं. पायाला चिखल लागून वाळला होता, तो खरवडून काढावा एवढंच मला वाटत होतं.

दुपारी माणसं जेवायला बसली तेव्हा मी धीर करून म्हणाले, "मॅडम, पण माणूस म्हणजे…"

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "माणूस कथलासारखा जड नसतो. पाणी त्याला कुठंही नेतं. हे सगळं जड कणांचं आहे."

"मग?"

"हे लोक विचारताहेत. आणि मला दुसरं काही येत नाही."

त्या पुन्हा उठल्या आणि फुटक्या बंधाऱ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगायला लागल्या.

मधूभाऊ चौथ्या दिवशी सापडले, ते तिथं कुठंच नाही. नदी तापीला मिळते त्याच्या अलीकडे, पात्र पसरट होतं तिथं, पाण्याच्या वर आलेल्या बाभळीच्या फांद्यांत. पुराचं पाणी तेवढं चढलं होतं. शेळ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्याने पाहिलं. खालच्या अंगाला कुणी शोधायला गेलंच नव्हतं, सगळे अक्का सांगतील तिथं खणत होते. मधले दिवस उन्हाचे होते. घरी आणलं तेव्हा चेहरा उघडायचा नाही, असं जाणत्या माणसांनी ठरवलं. सिंधूवहिनींना नवऱ्याचं तोंड बघायला मिळालं नाही.

सगळं आटोपल्यावर अंगणात त्या मॅडमच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "अक्का, तुमी तठी का नाही पाह्यलं?"

"चुकलं माझं," मॅडम म्हणाल्या.

सिंधूवहिनी आत गेल्या. त्यानंतर बरीच वर्षं त्या मॅडमशी कामापुरतंच बोलल्या.

तेरावं झाल्यावर मॅडम कॉलेजात आल्या. तबक गावीच राहिलं होतं, नदीकाठी की घरी, ते त्यांनी शोधलं नाही. नदीवर त्या आता फक्त मुलांना घेऊन यायच्या आणि काठावर उभ्या राहायच्या. अभ्यासक्रमात गाळातल्या खनिजांचा भाग आला तेव्हा मी म्हणाले, हा मी घेते. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "का? मला येतो की."

मी मागच्या बाकावर जाऊन बसले. मॅडमनी पन्हळ लावली, कीस मिसळला, नळ सोडला. ग्रॅनाइट, पाऊस, ओढा, वळण, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. कीस दगडांमागे साचला. मग त्या नेहमी थांबायच्या तिथं थांबल्या नाहीत. एवढंच वाढवलं, "हे फक्त जड कणांचं झालं. हलक्या गोष्टी कुठं जातात ते यावरून सांगता येत नाही. परीक्षेत विचारणार नाहीत, पण लिहून घ्या." मुलांनी लिहून घेतलं. पुढे त्या निवृत्त होईपर्यंत दर वर्षी त्यांनी ते वाक्य लिहायला लावलं. मीही आता लावते. मुलं विचारतात, हे पुस्तकात कुठं आहे? मी म्हणते, पुस्तकात नाही.

शनिवारी दुपारच्या बसने त्या गावी जायला लागल्या. मधूभाऊंची मुलगी लहान होती, शेतीला माणूस नव्हता. मॅडम मोटर चालू-बंद करायला शिकल्या, घड कधी कापायचा ते शिकल्या, ट्रकवाल्यांशी भांडायला शिकल्या. सोमवारी सकाळी कॉलेजात यायच्या तेव्हा बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग असायचे. घरात सिंधूवहिनी ताट वाढून द्यायच्या आणि स्वयंपाकघरात निघून जायच्या. मी एकदा विचारलं, "तुम्हाला जड जात नाही?" "ती बोलत नाही हे बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तिला बोलायला मी लावू नये."

निवृत्तीनंतर त्या कायमच्याच गावी गेल्या. निरोपसमारंभात त्यांना भाषण करायला सांगितलं. त्या उभ्या राहिल्या, "पन्हळ गंजतेय, तेवढा रंग मारून घ्या," म्हणाल्या आणि बसल्या. लोकांना वाटलं विनोद केला. मी दुसऱ्या दिवशी रंग आणवला.

आमचं बोलणं फोनवर व्हायचं. या वर्षी पाऊस किती, भाव काय, भाची बारावीला आहे, तिला काय शिकवावं. भाचीने भूशास्त्र घेऊ नये, असं त्यांना वाटत होतं का, हे मी कधी विचारलं नाही. तिने नर्सिंग घेतलं.

मॅडम या वर्षी गेल्या. किडन्या निकामी झाल्या होत्या. जळगावच्या दवाखान्यात होत्या, म्हणून मी रोज कॉलेज सुटल्यावर जायचे. त्या गेल्या त्याच्या आदल्या आठवड्यातली एक संध्याकाळ सांगायची आहे.

मी खोलीत गेले तेव्हा सिंधूवहिनी त्यांचे केस विंचरत होत्या. मॅडमचे केस खूप विरळ झाले होते. सिंधूवहिनी एका हाताने मुळाशी धरून, दुसऱ्या हाताने सावकाश फणी फिरवत होत्या. मी आल्याचं पाहून त्या थांबल्या नाहीत. वेणी घालून झाली, फणीतले केस काढून त्यांनी कागदात गुंडाळले आणि पलंगाच्या कडेला बसल्या. मग मध्येच, मी तिथं आहे याची फिकीर न करता, बोलायला लागल्या.

"अक्का, तुम्हाला एक सांगायचं होतं. ते नदीत होते ना, ते दिवस. बाया मला पाणी पाजायच्या, मी प्यायचे. जेव म्हणायच्या, दोन घास खायचे. मला वाटायचं, अक्का तिकडं उभ्या आहेत, अक्काले माहीत आहे कुठी पाहाचं, त्या शोधून आणतील. त्याच्या भरवशावर मी बसून राहिले. तुम्ही तिथं उभ्या नसता तर मी त्या दिवसांत विहिरीत गेले असते. मी ठरवलं होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही."

मॅडमचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोप लागली. सलाइनचे थेंब पडत होते. बाहेर ट्रॉली गेली, तिचं एक चाक करकरत होतं.

"तरी खालच्या अंगाला माणसं पाठवायला हवी होती," मॅडम म्हणाल्या.

सिंधूवहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं त्या म्हणतील, जाऊ द्या, झालं ते झालं. सगळे म्हणतात तसं. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

"हो," त्या म्हणाल्या. "पाठवायला हवी होती."

आणि त्यांनी मॅडमचा सुई नसलेला हात आपल्या मांडीवर घेतला आणि धरून ठेवला. मॅडमनी तो काढून घेतला नाही.